काय ऐकता आणि का ऐकता?

पश्चिम रेल्वेच्या लोकल २०१३पासून डहाणू रोडपर्यंत येतात आणि तिथूनच मागे फिरतात. पुढचं स्टेशन घोलवड. महाराष्ट्राचा किनारा इथून थोड्याच अंतरावर संपतो आणि उंबरगावच्या बाजूने गुजरात सुरू होतो. इथल्या चिकूचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इथे कानावर काय काय पडतं, याची दखल मात्र फार थोड्यांनी घेतली. किनाऱ्यावर मच्छीमार मांगेल्यांची लग्नगाणी, वाड्यांमधल्या पारशी-इराणी घरांतली गुजराती, नवरात्रातला गरबा, एकादशीचं भजन, आणि रूळ ओलांडून कोसबाडच्या टेकडीकडे किंवा तलासरीच्या रस्त्याला लागलं की वारल्यांचा तारपा. सायकलवरून तासाभरात ओलांडता येईल एवढ्या जागेत इतकी गाणी शेजारी शेजारी राहतात. ती एकमेकांच्या कानावर पडतात, पण एकमेकांना सांगितली जातात का?

‘हल्ली काय ऐकतोस?’ हा गाणं आवडणाऱ्या दोन माणसांमधला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर सोपं असतं, चार नावं सांगितली की झालं. ‘ते का ऐकतोस?’ हा दुसरा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि त्याला उत्तर द्यायला माणसाला थोडा वेळ आणि समोर बसून ऐकणारं कुणीतरी लागतं. मराठी माणसाने गेल्या दीडशे वर्षांत आपलं ऐकणं एकमेकांना कसकसं सांगितलं, याचा आढावा घेताना मी हा दुसरा प्रश्न हाताशी धरून चाललो आहे. साधनं बदलत गेली, यंत्रं आली आणि गेली. ज्या साधनाने या ‘का’ला जागा ठेवली, त्याने श्रोते घडवले, असं माझं मत आहे.

सुरुवात तारप्यापासूनच करायला हवी, कारण तो इथला आहे आणि कारण तिथे हे दोन प्रश्न वेगळे होतच नाहीत. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले, आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात पिकायला लागल्यापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत हा तारप्याचा काळ. रात्री अंगणात वाजवणारा मधे उभा राहतो आणि बायापुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. सुरांच्या वळणांना ‘चाळा’ म्हणतात. मोराचा चाळा असतो, बदक्या चाळा असतो, लावरी पक्ष्याच्या नावाचाही असतो. चाळा बदलला की पावलं बदलतात. पाय चुकला तर शेजाऱ्याच्या अंगाला लगेच कळतं. म्हणजे कुणाला काय ऐकू आलं, हे इथे तोंडाने सांगावं लागत नाही, ते पावलांत दिसतं. आणि का ऐकायचं, तर दाणा घरात आला म्हणून. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी. तिची कथा भगत घांगळी या तंतुवाद्याच्या साथीवर रात्रभर गातो. तिथेही ऐकणाऱ्याला कारण विचारायची गरज पडत नाही. कथा, हंगाम आणि गाणं एकाच दिवशी येतात.

लग्नात धवलेरी गाते. धवलेरी ही वारल्यांची लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तिचं गाणं ‘आवडतं’ असं कुणी म्हणत नसेल, आणि आवडीची ती भाषा तिथे अपुरीही पडेल. गाण्याचं कारण जगण्यातच इतकं पक्कं बसलेलं असलं की ते सांगायची वेळ येते ती कुणी बाहेरचा माणूस समोर येऊन बसल्यावर. कविता महाजनांनी वारली लोकगीतं गोळा करून पुस्तकरूपाने आणली, तेव्हा त्या बाहेरच्या माणसाचं काम त्यांनी मन लावून केलं होतं.

वारल्यांचं ऐकणं जगाला सर्वात आधी कळलं ते मात्र चित्रांतून. भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूच्या पाड्यांत फिरले, आणि लग्नाच्या चौकात भिंतीवर काढली जाणारी पांढरी चित्रं कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं नाव त्यातून देशापरदेशांत पोचलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या आणि पुढच्या पिढीतल्या चित्रकारांच्या हातून तारप्याचा नाच अगणित वेळा उतरला आहे. शंखासारखी गुंडाळत गेलेली माणसांची साखळी, आणि मधे भलामोठा तारपा घेतलेला वाजवणारा. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत, ही रीत चित्रातही पाळलेली असते. ऐकण्याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पण आज ते हॉटेलांच्या भिंतींवर, कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर आहे, आणि ते पाहणाऱ्या शंभर माणसांतल्या किती जणांनी तारप्याचा एक सूर ऐकला असेल? चित्र गेलं तिथे आवाज पोचला नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर व्हायला २०२६ साल उजाडलं, तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती.

जात्यावरच्या ओव्यांचं असंच झालं असतं, पण तिथे दोन माणसं वेळेवर पोचली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. हजाराहून अधिक गावं आणि लाखाहून अधिक ओव्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. या कामातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव राहिलं. पहाटे दोन बाया जात्याला बसल्या की एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने ती पुढे न्यायची. सासरचं दुःख, भावाची वाट, विठोबाशी भांडण, सगळं त्या खुंट्यावर धरलेल्या दोन हातांमध्ये सांगून व्हायचं. गाणारी आणि ऐकणारी एकच. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ते ऐकणं विस्कटलं.

शहरातल्या मराठी माणसाने दुसरी वाट घेतली. पुण्यात १८७४ साली पूना गायन समाज निघाला, कोल्हापुरात १८८३ साली देवल क्लब उभा राहिला, १९११ साली भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाची सुरुवात केली. वर्गणी काढून, सतरंजी अंथरून, लोक एकत्र ऐकायला बसू लागले. बैठकीत श्रोत्याने आपलं ऐकणं कळवायची रीत म्हणजे दाद. ती शब्दांत फार छोटी असते: एखादं ‘वा’, एखादा उसासा, मांडीवर पडलेली थाप. पण ती कुठे पडली यावरून माणूस कळतो. गवई समेवर आल्यावर सगळेच मान हलवतात. एखाद्या जागेवर, दोन स्वरांमधल्या एखाद्या वळणावर ज्याच्या तोंडून आपसूक ‘अहाहा’ निघतं, त्याच्याकडे शेजारी बसलेला नवखा माणूस वळून बघतो, आणि पुढच्या वेळी ती जागा आली की तोही कान टवकारतो. मराठीत गाण्याच्या अशा वळणाला ‘जागा’ म्हणतात. अनेक श्रोत्यांचं शिक्षण असंच झालं आहे, शेजाऱ्याच्या मानेकडे बघत.

या कलेत काही माणसं एवढी पुढे गेली की गवयांनाच त्यांच्या समोर गाण्याची ओढ वाटे. इंदूरचे रामूभैया दाते हे त्यांतलं ठळक नाव. ते गवई नव्हते, ऐकणारे होते. पु. ल. देशपांडे यांनी त्यांच्यावर लेख लिहिला, आणि मराठीत निव्वळ श्रोत्याचं व्यक्तिचित्र होऊ शकतं, हे त्या लेखाने दाखवलं. गायकांवर पानंच्या पानं लिहिली गेलेल्या भाषेत ऐकणाऱ्याचा असा गौरव दुर्मीळ आहे. मराठी संगीत महाराष्ट्राबाहेर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यात जे टिकलं, त्यात अशा घरांचा वाटा मोठा होता.

दाद हवेत विरते. लिहिलेलं राहतं. गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली आलं, आणि एका माणसाने आयुष्यभर काय ऐकलं नि त्याचं आपल्यात काय झालं, हे सांगणारं तसं पुस्तक मराठीत त्याआधी नव्हतं. टेंबे स्वतः पेटीवादक, नट, संगीतकार, पण पुस्तकात ते आधी श्रोते आहेत. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबनीस, चार्टर्ड अकाउंटंट. ‘घरंदाज गायकी’ या १९६१च्या पुस्तकात त्यांनी घराण्यांचा विचार स्वर आणि लय या दोन टोकांच्या मधे मांडला: किराणा स्वराच्या टोकाकडे झुकलेलं, आग्रा लयीच्या, आणि जयपूर-अत्रौली या दोहोंचा तोल साधणारं. ही मांडणी पटो न पटो, एखादं गाणं आपल्याला का आवडतं आणि शेजाऱ्याला का नाही, याचं कारण दोघांनी मिळून शोधायची सोय तिने करून दिली. त्याआधी घराण्यांवरचे वाद बहुधा निष्ठेचे होते. या पुस्तकानंतर ते कानांचे होऊ शकले.

आता रेकॉर्डकडे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गायलेल्या रेकॉर्डच्या शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत सांगते. मुद्रण परदेशी जायचं आणि तिथे गाणारीचं नाव कळायला हवं, एवढाच त्यामागे हेतू. तरी मला ते नाव फार महत्त्वाचं वाटतं. आवाज माणसापासून सुटून प्रवासाला निघाला त्या पहिल्या दिवसांतच त्याला नाव बांधायची गरज भासली होती.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबायचा. अनेक मोठ्या गवयांना ते पटलं नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांना तर आपलं गाणं कुठेही, कुणाच्याही समोर वाजावं हे मुळातच मान्य नव्हतं. पुढे त्यांनी रेडिओ आणि रेकॉर्ड दोन्ही नाकारली. त्या जपलेल्या आवाजाची एक भैरवी आज पृथ्वीपासून सर्वात दूर गेलेल्या मानवी वस्तूवर आहे. १९७७ साली व्हॉएजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवायची ठरली, त्यात जगभरातलं दीडेक तासाचं संगीत होतं. भारतातलं काय घ्यायचं याचा सल्ला रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने दिला, आणि त्याने केसरबाईंचं नाव सांगितलं. रेकॉर्ड मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात जुन्या खोक्यात ती सापडली. व्हॉएजर २ ऑगस्टमध्ये उडालं, व्हॉएजर १ सप्टेंबरच्या ५ तारखेला, आणि केसरबाई त्याच महिन्यात १६ तारखेला गेल्या. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तबकडीसाठी काय निवडलं आणि का निवडलं, यावर पुढे आख्खं पुस्तक लिहिलं. अज्ञात श्रोत्यापुढे गाणं ठेवताना त्यांनी कारण लिहून ठेवलं. आपण ओळखीच्या माणसाला गाणं पाठवताना एक ओळही लिहीत नाही.

मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी ती पुढे दीर्घकाळ सांभाळली. जुन्या तबकड्या जमवणारे लोक एकत्र येतात, एकेक रेकॉर्ड लावतात, आणि ती कुठे मिळाली, कोण गातंय, लेबल काय सांगतं, चाल कुठल्या नाटकातली, हे सांगतात. संग्राहक म्हणजे कपाट कुलूपबंद ठेवणारा माणूस, असा समज आहे. या मंडळींनी कपाटं उघडली. नाट्यसंगीताच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी रेकॉर्ड आज ऐकायला मिळतात त्या अशा खाजगी कपाटांमुळे.

रेडिओचा विषय मोठा आहे आणि त्यात मराठी माणसाचा हात दोन्ही बाजूंना आहे. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत घराघरात पोचवायची त्यांची तळमळ खरी होती, आणि अखिल भारतीय संगीतसभांसारख्या गोष्टींनी तिचं फळही मिळालं. पण आवड मंत्र्याच्या हुकमाने बदलत नाही. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. वीज नसलेल्या गावांतही सेलवरच्या रेडिओवर बुधवारी रात्री लोक गोळा होत. गावोगाव श्रोता संघ निघाले, ते आपापल्या पसंतीच्या याद्या पाठवत. १९५७च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली ती या सगळ्याला दिलेलं उत्तर म्हणून.

फर्माइशी म्हणजे लोकांनी आपलं ऐकणं जाहीर करण्याची पहिली मोठी सोय. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवरून ‘आपली आवड’ लागायची, तेव्हा गाण्याआधी नावांची लांबलचक माळ वाचली जायची. शेतावरचा माणूस, दळणाला आलेली बाई, शाळेतली पोरं, कुणाचं तरी नाव रेडिओवर आलं की गावभर होई. झुमरी तलैया हे बिहारातलं, आता झारखंडातलं गाव तर केवळ फर्माइशींमुळे देशभर माहीत झालं. या कार्यक्रमांत गाण्याचं ‘का’ नसे. पोस्टकार्डावर त्याला जागा नव्हती. पण ‘कोण’ होतं, आणि तेही थोडं नाही. आपल्यासारखीच आवड असलेलं कुणीतरी परभणीत, कुणीतरी सावंतवाडीत आहे, हे कळणं म्हणजे एकट्याच्या ऐकण्याला सोबत मिळणं.

‘का’चा भाग विविध भारतीने वेगळ्या कार्यक्रमांत सांभाळला. फौजी भाइयांसाठीच्या ‘विशेष जयमाला’त सिनेमातला कुणी कलावंत यायचा, आपल्या आवडीची गाणी लावायचा आणि ती का निवडली ते सांगायचा. बीबीसीवर १९४२पासून चालत आलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चा घाटही हाच: एकाकी बेटावर न्यायला आठ रेकॉर्ड निवड, आणि कारण सांग. माणसाचं आयुष्य त्या आठ कारणांतून उलगडत जातं. विविध भारतीच्याच ‘संगीत सरिता’त एक राग घेऊन, त्याचे स्वर समजावून, त्याच रागातलं एखादं सिनेगीत ऐकवत. शास्त्रीय संगीत आपल्यासाठी नाही असं धरून चाललेल्या कितीतरी लोकांना या कार्यक्रमाने अलगद आत घेतलं. पुढे अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांच्या ‘नादवेध’ने मराठीत तेच काम पुस्तकातून केलं.

पुणे आकाशवाणीचं ‘गीतरामायण’ हे तर वेगळंच प्रकरण. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पहिलं गीत लागलं, आणि वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना केंद्रातल्या सीताकांत लाड यांची. रेडिओला हार घालून लोक बसत, वर्तमानपत्रं गीताचे शब्द छापत. इथे श्रोत्यांना एकमेकांना काही सांगावं लागलं नाही, कारण अवघा महाराष्ट्र एकाच वेळी तेच ऐकत होता. दुसऱ्या दिवशी चर्चा असे ती ‘ऐकलंस का’ची नव्हे, तर ‘कैकेयीचं कसं केलंय’ याची. एका आठवड्याचं अंतर ठेवून एकच गाणं ऐकण्यात केवढी ताकद आहे, हे आज आपल्याला पुन्हा समजून घ्यायला हवं.

सिनेसंगीतावर कारणासकट लिहिणाऱ्यांत शिरीष कणेकरांचं नाव घ्यायलाच हवं. ‘गाये चला जा’ वाचून जुन्या संगीतकारांकडे वळलेले वाचक मला आजही भेटतात. त्यांच्या मतांशी भांडता येई, आणि तेच त्यांच्या लेखनाचं बळ. ज्या आवडीला कारण दिलेलं असतं तिच्याशी भांडता येतं. नुसत्या यादीशी कसं भांडणार?

कॅसेटचा काळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एवढंच सांगायला हवं की १९८०च्या दशकात मुद्रण स्वस्त झालं आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज, भीमगीतं, कोळीगीतं ज्या घरांत पोचली त्या घरांचं गाणं मोठ्या कंपन्यांच्या यादीत फारसं नव्हतं. डहाणूच्या किनाऱ्यावर वेसाव्याची कोळीगीतं आजही हळदीला वाजतात. कोरी कॅसेट घेऊन मित्रासाठी दोन्ही बाजूंना निवडून गाणी भरायची, कव्हरवर सुवाच्य अक्षरात यादी लिहायची, हेही याच काळातलं. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूला कोणतं गाणं कोणत्या गाण्यानंतर यावं, याचा विचार करताना कारण आपोआप ठरत जाई.

त्यानंतर आलं मेमरी कार्ड. मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दहा-वीस रुपयांत शेकडो गाणी कार्डात येत. कोणती, हे बहुधा दुकानदार ठरवे. गाण्यांना नावं नसत, असली तर धड नसत, गायकाचा पत्ता नसे. मग ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर. शहरातल्या संगीतप्रेमींनी या टप्प्याकडे कधी नीट बघितलं नाही. पण तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा आपल्या आवडीचा साठा आला तो याच टप्प्यात. आणि लवकरच त्यांनी त्यात आपलं गाणं घालायला सुरुवात केली. लग्नाच्या बेंजो पार्टीतल्या कीबोर्डवर तारप्याचे चाळे वाजू लागले, त्यांची मुद्रणं फिरू लागली, मग यूट्यूबवर चढली. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना, पालघर जिल्ह्यात आणि दक्षिण गुजरातेत, एकाच चालीवर लोक नाचतात.

हे ऐकून जुन्या तारप्यासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. मला ती हळहळ पूर्ण पटत नाही. कीबोर्डच्या चाळ्यावर नाचणारी पोरं तारप्यापासून दूर गेलेली नाहीत. त्यांच्या पायांत तो आहे, म्हणून तर ती चाल निवडली गेली. चिंता वेगळी आहे. दुधी, बांबू, मेण आणि ताडाची पानं जमवून तारपा बनवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि फिरणाऱ्या चित्रफितींवर बहुतेक वेळा वाजवणाऱ्याचं नाव नसतं, पाड्याचं नाव नसतं, चाळा कोणता तेही नसतं. खाली लिहिलेलं असतं ‘आदिवासी तारपा नाच’. चित्राचं झालं तेच आवाजाचं होईल, अशी धास्ती मला वाटते.

आणि अ‍ॅप तर आता न विचारताच पुढचं गाणं सुचवतं. दुसऱ्या हजारो लोकांनी याच्यानंतर ते ऐकलं, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यातून कधी अचानक फार सुंदर काही हाती लागतं, हे खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण ज्या माणसाने ते सुचवलं असतं, त्याच्याशी आपलं बोलणं झालं असतं. ‘तुला यात काय सापडलं?’ असं विचारता आलं असतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणाऱ्या दुव्यांचंही तसंच. दुवा येतो, पाठवणाऱ्याचा आवाज येत नाही.

हा हरवलेला ‘का’ परत आणायची एक वाट इथे जवळच आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र निघालं, पुढे १९५०च्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच अंगणात आणि कुरणात नेली, आणि मुलांच्या घरची माणसं, वस्तू, गाणी यांना तिथे मान होता. याच टेकडीच्या आसपासच्या शाळांना आज एक काम सहज करता येईल. पाचवी-सहावीच्या मुलांनी घरी जाऊन आजोबा-आजीला, मामाला, वेशीवरच्या मांगेला काकूंना, वाडीतल्या गुजराती शेजारणीला दोन प्रश्न विचारायचे, ‘तुम्ही काय ऐकता?’ आणि ‘ते का?’, आणि फोनवर उत्तरं भरून आणायची. शेजारच्यांची गाणी या निमित्ताने एकमेकांच्या घरात जातील. मुद्रणासोबत एक वही ठेवायची, आणि तिच्यात प्रत्येक गाण्यापुढे लिहायचं: कोण गातंय किंवा वाजवतंय, कुठल्या पाड्याचं, कुठल्या सणाचं, आणि तारपा असला तर कोणता चाळा.